'हर्डल' नेमकं कुठे वापरायचं? (ऑफिसच्या मेलसाठी विचारतेय)

चाकणची_पॅकिंगलिस्ट

नमस्कार मंडळी.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एक्स्पोर्टचं डॉक्युमेंटेशन बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सीएचएच्या (कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटच्या) मागे लागून लागून फोन, आणि दिवस संपताना जर्मनीतल्या बायरला एक स्टेटस मेल. शिक्षण बार्शीला, मराठी माध्यमात. इंग्रजीला घाबरत नाही, पण एका शब्दाने आमच्या ऑफिसात नुसता उच्छाद मांडलाय, तो म्हणजे हर्डल.

खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला, हर्डल. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडाला कीड नसावी म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का नाही, हर्डल. क्वालिटीवाला रजेवर गेला आणि सही राहिली, तेही हर्डल. परवा आमच्या साहेबांनी मेल टाकला: 'वन हर्डल हॅज कम इन द डिस्पॅच.' बायरचं एका ओळीत उत्तर: 'व्हॉट इज द हर्डल, अँड व्हेन डू यू एक्स्पेक्ट टू क्लिअर इट?' साहेब म्हणाले, बघ, कळलं की नाही त्याला! मला वाटतं, कळलं नाही म्हणूनच तर विचारलं त्याने.

शब्दकोश उघडून झाला. हर्डल, ऑब्स्टॅकल, बॅरिअर, हिंड्रन्स, इम्पेडिमेंट, सगळ्यांपुढे अडथळा, अडचण, विघ्न. म्हणजे आम्ही होतो तिथेच. कृपा करून व्याख्या नकोत. रोजच्या वापरातली वाक्यं सांगा आणि कुठला शब्द कुठे शोभत नाही ते सांगा.

गप्पिष्ट_नाना

सगळीकडे 'इश्यू' लिहा. पोट दुखलं तरी इश्यू, जहाज बुडालं तरी इश्यू. देश चाललाय त्यावर.

मैदानावरचा_मास्तर

नानांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त आळशी आहे.

ताई, तुमच्या बायरने जे क्रियापद वापरलं त्यातच निम्मं उत्तर आहे: क्लिअर. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालो. नेमणूक पीटीची, पण शिक्षक कमी पडले की आठवी-नववीचं इंग्रजी माझ्याच गळ्यात. त्यामुळे हा शब्द मी आधी मैदानावर मांडला आणि मग फळ्यावर लिहिला. तसाच सांगतो.

आमच्या शाळेची हर्डल्स गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली. खाली दोन आडवे पाय, वर दोन उभे दांडे, माथ्यावर लाकडी पट्टी, तिला काळे-पांढरे पट्टे. जिल्हा स्पर्धेच्या सकाळी फक्कीने लेन आखून झाल्या की मदतीला आलेली पोरं हर्डल्स मांडायची आणि हमखास उलटी मांडायची. हर्डलचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला हवेत. म्हणजे त्याचा पाय पट्टीला लागला तर हर्डल पुढे कलंडतं आणि तो निसटतो. पाय पलीकडे ठेवले तर हर्डल पडत नाही, पोरगं पडतं. प्रत्येक लेनमधून फिरून मी पाय तपासायचो, मगच शिट्टी.

आता त्या लेनमध्ये उभ्या राहा. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत दहा हर्डल्स असतात. उंची १०६.७ सेंटीमीटर, पहिलं १३.७२ मीटरवर, पुढे दर ९.१४ मीटरला एक. हे आकडे असे तिरपागडे का? कारण मूळ मोजमाप इंग्रजांचं: साडेतीन फूट उंच, पंधरा यार्डांवर पहिलं, मग दहा-दहा यार्डांवर. धावणाऱ्याला हे सगळं आधीच ठाऊक असतं. हर्डल अचानक उगवत नाही, ते जागेवर उभंच असतं. जवळ तुम्ही जाता.

साहेबांचं वाक्य खटकतं ते इथे. मराठीत अडथळा 'येतो', म्हणून आपण 'हर्डल हॅज कम' लिहून मोकळे होतो. इंग्रजीत हर्डल येत नाही. तुम्ही ते फेस करता, त्याच्यापाशी पोचता, ते क्लिअर करता, ओव्हरकम करता, गेट ओव्हर करता. नाहीतर त्यावर अडखळता: 'द प्लॅन फेल ॲट द फर्स्ट हर्डल', म्हणजे योजना पहिल्याच पायरीला बोंबलली. तुमच्या कामातली वाक्यं घ्या:

'द फर्स्ट हर्डल इज सॅम्पल अप्रूव्हल.' बायरने नमुना पास केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, आणि हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. छान वाक्य.

'वी हॅव क्लिअर्ड द लास्ट हर्डल. द गुड्स कॅन शिप ऑन मंडे.' हेही छान.

'प्राइस इज द बिगेस्ट हर्डल.' बोलणी अडली आहेत, पण तुटलेली नाहीत. हर्डल म्हटलं की ते ओलांडायचा बेत आहे असंच ऐकणारा समजतो. म्हणून तर तुमच्या बायरने लगेच 'कधी क्लिअर करणार' असं विचारलं. त्याने शब्द सरळ घेतला. शिवाय जर्मनमध्ये हाच शब्द 'ह्यूर्डं' असा आहे, सख्खी भावंडं आहेत ती. त्यामुळे त्याला शब्द कळला, तुमच्याकडे काय घडलंय तेवढं कळलं नाही.

आणखी एक, आणि हे नववीच्या वर्गात दरवर्षी व्हायचं. 'अडथळा आणणे' याचं भाषांतर करताना पोरं लिहायची 'ही हर्डल्ड माय वर्क'. हर्डल हे क्रियापद आहे, पण त्याचा अर्थ उडी मारून ओलांडणे. 'शी हर्डल्ड द गेट' म्हणजे तिने फाटकावरून उडी मारली. तुमच्या साहेबांनी 'कस्टम्स हर्डल्ड अवर शिपमेंट' असं लिहिलंच कधी, तर कस्टमचा अधिकारी कंटेनरवरून उडी मारताना बायरच्या डोळ्यांपुढे उभा राहील. अडथळा आणणे, काम रोखणे यासाठी हिंडर, ऑब्स्ट्रक्ट, होल्ड अप.

चाकणची_पॅकिंगलिस्ट

सर, साष्टांग दंडवत. कंटेनरवरून उडी मारणारा कस्टमवाला आता डोक्यातून जायचा नाही.

मग घाटात ट्रक बंद पडला तर काय लिहायचं? आणि न्हावाशेव्याला गेटबाहेर रांग लागते, त्याला? त्या रांगेने आमचा कटऑफ, म्हणजे जहाजासाठी माल आत द्यायची शेवटची वेळ, दोनदा हुकलाय.

मैदानावरचा_मास्तर

ट्रक बंद पडला तर 'द ट्रक ब्रोक डाउन'. एवढंच. इंग्रजीत घडलेली गोष्ट नावानिशी सांगितली की तिला अडथळ्याचा शेला पांघरावा लागत नाही. 'द ट्रक ब्रोक डाउन निअर खंडाळा. अ रिप्लेसमेंट इज ऑन द वे.' बायरला काय हवं ते दोन तुकड्यांत मिळालं.

रांग म्हणजे बॉटलनेक. वाट बंद नाही, पण तोंड अरुंद आहे म्हणून वाहतूक तुंबली. 'देअर इज अ बॉटलनेक ॲट द पोर्ट गेट.' कस्टमने कंटेनर तपासणीला बाजूला काढला तर 'द कंटेनर इज ऑन होल्ड फॉर एक्झामिनेशन.' किरकोळ काही अडकलं, संध्याकाळपर्यंत सुटेल, तर हिच किंवा स्नॅग. 'अ स्मॉल हिच विथ द पेपरवर्क.' यातला एकही हर्डल नाही, कारण यातलं काहीही लेनमध्ये आधीपासून मांडलेलं नव्हतं.

पॅलेटचा शिक्का मात्र वाद घालण्यासारखा आहे. तो नियम तुम्हाला आणि बायरला, दोघांनाही माहीत. तुम्ही माल पाठवायच्या आधी चर्चा करत असाल तर शिक्का मिळवणं हे एक हर्डल. शिक्का विसरून माल गेटवर पोचला असेल तर ती चूक, आणि चुकीला हर्डल म्हणणं ही शुद्ध पळवाट. ऑफिसांत हा शब्द इतका का फोफावतो यावर माझं मत हेच आहे. कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

बाणेर_स्टँडअप

मास्तरांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझ्याकडून चहा.

आयटीत आमच्याकडे हर्डल फारसं ऐकू येत नाही. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, एकच प्रश्न: 'एनी ब्लॉकर्स?' ब्लॉकर म्हणजे ज्याच्यामुळे माझं काम आत्ता या क्षणी थांबलंय आणि जे मी स्वतः हलवू शकत नाही. दुसऱ्या टीमने ॲक्सेस दिला नाही, सर्व्हर बंद आहे, क्लाएंटने उत्तर दिलं नाही. 'आय ॲम ब्लॉक्ड ऑन द एपीआय टीम.' ही 'ऑन' लक्षात ठेवा, तिच्यापुढे ज्याच्यामुळे अडलंय त्याचं नाव येतं. नाव आलं की मॅनेजरची मान तिकडे वळते, हा तिचा खरा उपयोग.

पुस्तकी शब्द इम्पेडिमेंट. स्क्रम या आमच्या कामाच्या पद्धतीच्या गाइडमध्ये तोच आहे आणि टीमच्या वाटेतली इम्पेडिमेंट्स दूर होतील हे बघणं स्क्रम मास्टरकडे. बोलताना कोणी वापरत नाही. मी एकदा कॉलवर वापरला तर अमेरिकेतला सहकारी म्हणाला, एवढं औपचारिक का बोलतोयस? मास्तरांच्या हिशेबाने फरक सांगायचा तर हर्डल ज्याचं त्याने ओलांडायचं, ब्लॉकर दुसऱ्याने येऊन उचलायचा. ताई, सीएचएने कागद अडवून धरले असतील तर तुमचा शब्द ब्लॉकर.

कोर्टाची_पायरी

इम्पेडिमेंटवरून राहवलं नाही. हा शब्द बोलण्यात दोनच ठिकाणी सहज ऐकू येतो. 'स्पीच इम्पेडिमेंट', म्हणजे बोलताना अडखळणं, आणि लग्नाला कायदेशीर आड येणारी गोष्ट: 'नो लीगल इम्पेडिमेंट टू द मॅरेज.' मूळ लॅटिन, त्यात 'पाय' दडलेला आहे, पाय अडकवणे असा अर्थ. रोमन सैन्याच्या सामानसुमानाला इम्पेडिमेंटा म्हणत, कारण त्या ओझ्याने फौज रेंगाळायची.

आणि मास्तर, 'अडथळा आणणे' यात आमचा हक्काचा शब्द राहिला. पेपरात रोज असतं, 'सरकारी कामात अडथळा, गुन्हा दाखल'. ही बातमी बहुतेकदा जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३५३ कलमाची असते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३२. त्यात सरकारी माणसावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नुसता अडथळा आणणं हे जुनं १८६, आताचं २२१, आणि तिथे इंग्रजीत शब्द आहे 'ऑब्स्ट्रक्टिंग'. अर्ज टाइप करून आणणारे 'क्रिएटेड हर्डल इन गव्हर्नमेंट ड्यूटी' लिहितात. मी खोडून खोडून थकलो.

यॉर्कशरची_सून

मी इथे उत्तर इंग्लंडात खेड्यात राहते, तर या शब्दाचं माहेर दाखवते.

आमच्या गावाबाहेरच्या शेतकी दुकानात 'शीप हर्डल' विकत मिळतं. गॅल्व्हनाइझ्ड लोखंडी पाट्या, साधारण कमरेइतक्या उंच, दोन्ही टोकांना कड्या. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात तेव्हा शेतकरी चार पाट्या एकमेकींत अडकवून आई आणि कोकरांसाठी छोटा कप्पा करतात आणि काम झालं की उचलून गाडीत टाकतात. पूर्वी हीच पाटी हेझलच्या फोकांची विणत. कोकणातला कारवीचा कूड आठवा, तसाच, फक्त शेणमातीचा गिलावा नसलेला आणि खांद्यावर टाकून नेता येणारा. माझं माहेर फलटणचं. आमच्याकडे धनगरांची वाघर जाळीची असते, इकडची काठ्यांची, काम एकच. बागकामाच्या दुकानात अजून विलोची विणलेली हर्डल्स कुंपणासाठी मिळतात आणि भलती महाग असतात.

माणसं शर्यतीत ओलांडू लागली ती हीच मेंढ्यांची कुंपणं. सुरुवातीला ती जमिनीत पक्की ठोकलेली असायची, पाय लागला की गुडघा फुटलाच. मास्तर सांगतात ते आपोआप कलंडणारं हर्डल १९३५ च्या सुमाराचं.

इथल्या बोलण्यातली वाक्यं, कानावर पडलेली, जशीच्या तशी. शेजारीण घराच्या वाढीव खोलीबद्दल: 'प्लॅनिंग परमिशन्स द बिग हर्डल, आफ्टर दॅट इट्स जस्ट मनी.' दीर ड्रायव्हिंग टेस्टबद्दल: 'थिअरीज डन, सो दॅट्स वन हर्डल आउट ऑफ द वे.' हे 'आउट ऑफ द वे' फार चालतं. कपच्या सामन्यात संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला की 'फेल ॲट द फर्स्ट हर्डल' ठरलेलं. घोड्यांच्या शर्यतीतही तेच, पण तिथे हर्डल बुटकं आणि स्टीपलचेसची कुंपणं मोठी. चेल्टनमच्या रेसकोर्सवर मार्चमध्ये चॅम्पियन हर्डल नावाची शर्यत असते, तेव्हा आमचे सासरे टीव्हीसमोरून हलत नाहीत.

एक मात्र कधी ऐकलं नाही, ते म्हणजे 'लँग्वेज हर्डल'. माझ्या सासूबाईंशी माझं सुरुवातीला जे काही व्हायचं, त्याला सगळे 'लँग्वेज बॅरिअर' म्हणत.

चाकणची_पॅकिंगलिस्ट

बॅरिअरचं सांगाल का मग? आमच्याकडे 'ट्रेड बॅरिअर' ऐकते, तो हर्डलपेक्षा मोठा म्हणून का?

मैदानावरचा_मास्तर

मोठा म्हणून नाही. बॅरिअर दोन बाजू वेगळ्या करतो: अलीकडे तुम्ही, पलीकडे ते. टोलनाक्यावरचा दांडा बॅरिअर. तो तुम्ही ओलांडत नाही, कोणीतरी उचलतो. म्हणून बॅरिअर लिफ्ट होतो, रिमूव्ह होतो, ब्रेक होतो, लोअर होतो. 'लोअरिंग ट्रेड बॅरिअर्स' म्हणजे सरकारांनी आपसांत अटी सैल केल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या एका कराराचं नावच 'टेक्निकल बॅरिअर्स टू ट्रेड' आहे. तुमच्या मालाला लागणारी मानकं, चाचण्या, लेबलं यांची भानगड त्यात येते. एक सरकार दुसऱ्याच्या मालापुढे उभं करतं म्हणून बॅरिअर. पण तीच चाचणी तुमच्या कंपनीने या महिन्यात पास व्हायची असेल तर तुमच्यापुरतं ते हर्डल. वस्तू एकच, कोण कुठे उभं आहे त्यावर शब्द ठरतो.

'टू' विसरू नका. ऑब्स्टॅकल टू, बॅरिअर टू, इम्पेडिमेंट टू. आपल्या 'कामात अडथळा' मधला 'त' आपल्याला 'इन' लिहायला लावतो. 'ऑब्स्टॅकल टू ग्रोथ' लिहा, 'इन ग्रोथ' नको. ऑब्स्टॅकल यातला सगळ्यात मोकळा शब्द. वाटेत जे काही उभं असेल ते ऑब्स्टॅकल, ओलांडा, वळसा घाला, फोडा, तुमची मर्जी. कुठला शब्द घ्यावा कळेनासं झालं की तो घ्या, हसं होत नाही.

मैदानावर हा फरक बघायचा असेल तर तीन हजार मीटर स्टीपलचेस बघा. आपला बीडच्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे ज्यात धावतो ती. अठ्ठावीस उड्या आडव्या ओंडक्यांवरून, सात पाण्याच्या खड्ड्यावरून. ते ओंडके जड, पाय लागला तर ते हलत नाहीत, तुम्ही हलता. पुष्कळ जण त्यावर पाय देऊन पुढे जातात आणि ते चालतं. समालोचक तिथे बहुतेक वेळा 'बॅरिअर' म्हणतात, हर्डल कमी. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं, सोनं पाच शतांश सेकंदांनी गेलं. आमच्या पिढीला अशा शतांशांची जुनी ठेच आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा चारशे मीटर हर्डल्समध्ये चौथी आली, ५५.४२ सेकंद. तिसरीची वेळ ५५.४१.

विषयांतर झालं, पण पीटीच्या मास्तरकडून एवढं होणारच.

गप्पिष्ट_नाना

मास्तर, एक खरीखुरी शंका. हर्डल पाडलं तर धावणारा बाद होतो ना? मग मेलमध्ये 'नॉक्ड ओव्हर द हर्डल' लिहिणं वाईट दिसेल.

मैदानावरचा_मास्तर

धावता धावता पाय लागून पडलं तर बाद होत नाही. चांगले चांगले दोन-तीन पाडून जिंकतात. फक्त वेळ जातो. पाय हर्डलच्या वरून न नेता बाजूने, पट्टीच्या खालून काढला तर मात्र बाद. मेलमध्ये 'नॉक्ड ओव्हर' लिहूच नका, तिथे सगळे 'क्लिअर्ड' किंवा 'गॉट ओव्हर' लिहितात.

शिवाजीनगरचा_सीए

उशिरा आलो. बँकेत किंवा फंडवाल्यांच्या बैठकीत 'हर्डल रेट' ऐकलं तर गडबडू नका, त्याचा अडचणीशी संबंध नाही. एखाद्या प्रकल्पातून किमान इतके टक्के परतावा दिसलाच पाहिजे, त्याखाली असेल तर पैसे घालायचे नाहीत, ती ठरवलेली रेघ म्हणजे हर्डल रेट. 'द न्यू लाइन डझन्ट मीट अवर हर्डल रेट.' ताई, तुमची कंपनी नवीन मशीन का घेत नाही याचं उत्तर कधी कधी या एका वाक्यात असतं. मास्तरांची उपपत्ती इथेही लागू पडते: उंची आधी ठरलेली, सगळ्यांना माहीत, त्यावरून गेलात तर पुढे.

बाणेर_स्टँडअप

जाता जाता. आमच्या क्लाएंट कॉलवर एकजण म्हणाला की काहीतरी 'हर्डलिंग टुवर्ड्स अस' आहे. डेडलाइनबद्दल बोलत होता. उड्या मारत येतेय असं?

मैदानावरचा_मास्तर

तो 'हर्टल', टी वाला. भरधाव, ताबा सुटल्यासारखं जाणे. अमेरिकन लोक तो टी इतका मऊ करतात की कानाला दोन्ही एकच लागतात, स्पेलिंग बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही. 'द ट्रक हर्टल्ड डाउन द घाट.' त्या ट्रकने काही ओलांडलेलं नसतं. त्याचा ब्रेक गेलेला असतो.